अण्णा भाऊ की अण्णाभाऊ?

२०२०च्या जूनमधल्या एका संध्याकाळी मी सूचीच्या शोधपट्टीत ‘अण्णाभाऊ साठे’ असं टाइप केलं. उत्तर आलं, एक पुस्तक. माझ्यासमोर टेबलावर अण्णा भाऊंची सहा पुस्तकं होती आणि त्या सहाही पुस्तकांच्या नोंदी मीच त्या आठवड्यात केल्या होत्या.

मी विक्रोळी पूर्वेला, कन्नमवारनगरातल्या एका छोट्या वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. मारोतराव कन्नमवार १९६३ साली मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले, त्यांच्या नावाची ही वसाहत. कारखान्यांतले, गिरण्यांतले, सरकारी कचेऱ्यांतले लोक इथे राहायला आले आणि त्यांच्यातल्याच काहींनी एका इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालय काढलं. एक खोली, सात पोलादी कपाटं, दुपारी वर्तमानपत्रं वाचायला येणारे आजोबा, मे महिन्यात गोष्टींच्या पुस्तकांसाठी येणारी मुलं. अशी वाचनालयं तुम्हीही पाहिली असतील.

लॉकडाऊनच्या थोडं आधी कार्यकारिणीची बैठक झाली. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. खोली रिकामी करावी लागणार आणि नवीन जागा मिळेपर्यंत काही वर्षं पुस्तकं खोक्यांत राहणार. एक जण म्हणाले, “जुनं सगळं रद्दीत काढू या. नवीन जागेत नवीन पुस्तकं.” दुसऱ्या एका काकांनी विचारलं, “पण आपल्याकडे जुनं आहे तरी काय?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडे दाखल नोंदवही होती. पुस्तक आलं की तिच्यात अनुक्रमांक, नाव, लेखक आणि किंमत लिहायची. १९७४ सालच्या मार्चमध्ये कोणती पुस्तकं आली ते ही वही सांगते. पण गिरणी कामगारांवर आपल्याकडे काय आहे, असं विचारलं तर ती गप्प बसते. पुस्तक विषयावरून, लेखकावरून, नावावरून शोधायचं असेल तर सूची लागते. आमच्याकडे ती नव्हती. मी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वीस वर्षांपूर्वी केला होता, कार्डांवर सराव केला होता, पण नोकरीत ते कधी वापरलंच नव्हतं.

मग लॉकडाऊन लागला आणि ग्रंथपालांसाठीच्या एका मोफत ऑनलाइन प्रशिक्षणाचा निरोप व्हॉट्सॲपवर आला. पंधरा दिवस, रोज संध्याकाळी दीड तास. विषय दोन : संगणकीय तालिकीकरण आणि डिजिटल संग्रह. मी दोन पिशव्या भरून पुस्तकं घरी आणली आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसले.

सहातलं एकच पुस्तक का सापडलं, हे चौथ्या दिवशी कळलं. मी मुखपृष्ठावर छापलंय तसंच नाव उतरवलं होतं. कुठे ‘अण्णा भाऊ’ असं सुटं, कुठे ‘अण्णाभाऊ’ असं जोडून, कुठे मागे ‘लोकशाहीर’, एका ठिकाणी ‘साठे, अण्णा भाऊ’. वाचणाऱ्याला ही सगळी एकच व्यक्ती. संगणकाला मधली एक मोकळी जागा म्हणजे दुसरा माणूस.

आणि हा माणूस तर आमचा शेजारी. वाटेगावहून मुंबईत आलेले तुकाराम भाऊराव साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, म्हणजे आमच्या अलीकडच्याच स्टेशनावर. ‘फकिरा’ १९५९ साली आली. १९६९ साली ते गेले. त्यांच्या वस्तीपासून एका स्टेशनावरच्या वाचनालयात, त्यांचीच पुस्तकं समोर असताना, ती ‘नाहीत’ असं यंत्र सांगत होतं. सूची चुकली की पुस्तक हरवतं. त्यासाठी चोर लागत नाही, वाळवीही लागत नाही.

नाव ठरवण्याचं काम

सूचीकारांकडे यावर जुना उपाय आहे. एका व्यक्तीचं एक प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकीची सगळी नावं त्याच्याकडे वळवायची. कार्डांच्या काळात त्यासाठी वेगळं कार्ड असायचं : ‘तुकाराम भाऊराव साठे’ शोधताय? ‘साठे, अण्णा भाऊ’ पाहा. संगणकात याचीच प्रमाण-नोंद होते.

मराठीत हे काम भलतंच अवघड आहे, कारण आपल्याकडे नावांची चंगळ आहे. गडकरी नाटकाला राम गणेश आणि कवितेला गोविंदाग्रज. शिरवाडकर कवितेला कुसुमाग्रज. मालतीबाई बेडेकर यांचं उदाहरण तर प्रत्येक वर्गात द्यावं असं आहे. लग्नाआधी त्या बाळूताई खरे होत्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने आणि ही बाई कोण यावरून वादळ उठलं. नंतरची काही पुस्तकं मालतीबाई बेडेकर या नावाने आहेत. माणूस एक, नावं तीन. ही तिन्ही नावं एकत्र बांधली नाहीत, तर एका लेखिकेच्या तीन अर्ध्यामुर्ध्या लेखिका होतात.

त्यात टंकलेखनाची भर. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी आणि नंतरही लोक ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहीत आले. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला वेगळी. त्याआधीच्या काळात ज्यांनी जुन्या फाँटमध्ये याद्या केल्या, त्यांच्या फायली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

मग प्रश्न पडला की हे ‘नाव ठरवणं’ आपल्याकडे शिकवायला सुरुवात कधी झाली? शोधत गेले आणि बडोद्याला पोहोचले.

बडोदा ते पवई

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. लिहायला-वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरतो, म्हणून शाळेच्या मागोमाग वाचनालय हवं, हा त्यामागचा पुढचा हिशोब. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम अलान्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, खेड्यापाड्यांत पेट्यांमधून फिरणारी ग्रंथालयं उभी राहिली. बडोद्यासाठी त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक वेगळी पद्धतही तयार केली, आणि १९११ साली ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानात ग्रंथपालांना रीतसर शिकवण्याची सुरुवात तिथली मानली जाते. १९१२पासून बडोद्याहून ग्रंथालयांविषयी एक नियतकालिकही निघायचं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

मला या गोष्टीत आवडतं ते हे की बॉर्डन यांनी अमेरिकेतली पद्धत जशीच्या तशी आणून चिकटवली नाही. इथल्या पुस्तकांसाठी ती बदलली. शिकवणारा बाहेरून आला तरी प्रश्न इथले होते.

ते का आवश्यक होतं, हे ड्यूई दशांश वर्गीकरण उघडलं की कळतं. मेल्विल ड्यूई यांनी ते १८७६ साली काढलं आणि आजही जगभर चालतं. साहित्याचा वर्ग ८००. त्यात अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, अशी युरोपातल्या भाषांना ऐसपैस दालनं. मराठी कुठे? ८९१.४६. म्हणजे ‘इतर’ भाषांच्या माळ्यावर, दशांश चिन्हानंतर. आमच्या वाचनालयात दहातली नऊ पुस्तकं मराठी, म्हणजे जवळजवळ सगळी कपाटं ८९१.४६! हीच गत धर्माची. २२०पासून २८०पर्यंत बायबल आणि ख्रिस्ती धर्म, बौद्ध धर्म २९४.३मध्ये. आमच्याकडे बाबासाहेबांची आणि बाबासाहेबांवरची दीड कपाट पुस्तकं आहेत. त्यांतली धम्मावरची कुठे, जातीवरची कुठे, कायद्यावरची कुठे, हे प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ठरवावं लागतं.

बडोद्यानंतर धागा मद्रासला जातो. एस. आर. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथपाल झाल्यावर लंडनला शिकून आले, १९२९ साली मद्रासला ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला, १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, १९३३ साली स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत दिली. त्यांच्या पाच नियमांतला एक वाचकाची बाजू घेतो आणि एक पुस्तकाची : प्रत्येक पुस्तकासाठी कुठेतरी वाचक असतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचवणं हे आपलं काम. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘रद्दी’ हा शब्द ऐकला तेव्हा मला हा नियम आठवायला हवा होता. आठवला नाही.

मराठीसाठी सूचीचं सर्वांत मोठं काम मात्र एका वेगळ्याच वाटेनं झालं. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. ती १९४३ साली आली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ साली आला. संगणक नाही, आणि आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढायचा तर ‘दात्यांच्या सूचीत आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागलं. ग्रंथपाल शिकलेला असावा ही अपेक्षा आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालू लागले. मी केला तो त्यातलाच. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरी सांभाळून घरी बसून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येऊ लागली. म्हणजे ‘दूरस्थ’ शिक्षण झूमच्या कितीतरी आधीचं. तेव्हा धडे टपालाने यायचे, एवढाच फरक.

आणि मग पवई. आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर असलेल्या आयआयटी मुंबईने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प चालवला आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र धडे, फुकट उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरचे. इंग्रजीत तयार करायचे आणि मराठीसकट भारतीय भाषांत आवाज द्यायचा. पद्धत साधी आहे : पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. थोडं ऐका, थांबवा, तेच करून पाहा, पुढे जा. त्यात ‘कोहा’ या ग्रंथालय प्रणालीची मालिका आहे. आमच्या प्रशिक्षणात जे घाईत निसटलं, ते मी या धड्यांवर रात्री जेवणं झाल्यावर भरून काढलं.

कोहाचा जन्म न्यूझीलंडचा. होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या छोट्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर तारखांच्या घोळात बंद पडणार होती. नवीन घ्यायची तर महाग. म्हणून त्यांनी कॅटिपो या कंपनीकडून स्वतःची करून घेतली, जानेवारी २०००मध्ये ती चालू केली आणि सगळ्यांसाठी खुली सोडली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. बडोद्यात महाराजांनी अमेरिकेहून माणूस आणला, इथे वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला न्यूझीलंडच्या तसल्याच छोट्या वाचनालयांची भेट मिळाली.

धड्यात नसलेलं

कोहाने अण्णा भाऊंचा प्रश्न सोडवला, पण आपोआप नाही. मी प्रमाण-नोंदीत ‘साठे, अण्णा भाऊ’ ठरवलं, बाकीची रूपं पर्यायी नावांच्या रकान्यात टाकली आणि शोधून पाहिलं. तरी एकच पुस्तक! पर्यायी नावंही शोधात धरायची, असं एक सेटिंग वेगळं चालू करावं लागतं आणि मग सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधावी लागते, हे समजायला माझा रविवार गेला. संध्याकाळी ‘अण्णाभाऊ’ टाइप केलं, सहा पुस्तकं आली. ‘अण्णा भाऊ’ टाइप केलं, सहा. ‘तुकाराम’ म्हटलं तर गाथेच्या शेजारी ही सहा. घरात कुणाला सांगावं कळेना, म्हणून नवऱ्यालाच तीनदा करून दाखवलं.

खरी अडचण सातव्या कपाटात होती. तिथे पुस्तकं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, आंबेडकर जयंतीचे अंक, कामगार संघटनांची पत्रकं, एका नाट्यस्पर्धेचा कार्यक्रम, हस्तलिखित अंक. दाखल नोंदवहीत यातलं काहीच नव्हतं, कारण यातलं काहीच विकत घेतलेलं नव्हतं. बैठकीतली ‘रद्दी’ म्हणजे प्रामुख्याने हेच कपाट.

प्रशिक्षणात मी विचारलं, याला विषय काय द्यायचा? उत्तर आलं, ‘संकीर्ण’. पुढचा प्रश्न विचारेपर्यंत माझं नेटवर्क गेलं.

ज्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वी शिकले त्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त आहेत, संगणक वापरत नाहीत. म्हणाल्या, “संकीर्ण म्हणजे आळस. हे शोधत उद्या कोण येईल, याचा विचार कर. तो जे म्हणेल ते तुझं विषयशीर्षक.” मग मी बसून लिहिलं : कन्नमवारनगर. गणेशोत्सव. कामगार रंगभूमी. पाणीटंचाई. विक्रोळीतले कारखाने. संपकाळ. पाणीटंचाई हा विषय जगातल्या कुठल्याही यादीत असेल, पण आमच्या स्मरणिकेतल्या विनोदी लेखाखाली तो मलाच घालावा लागला.

विक्रोळीची एक बाजू नीट जपली गेली आहे. गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार २००६पासून इथेच आहे. १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या, हे आज सगळ्यांना माहीत आहे ते कुणीतरी कागद जपले, लावले, म्हणूनच. माझे वडीलही कारखान्यातच होते. त्या कारखान्यांतून संध्याकाळी घरी येणारी माणसं कुठली नाटकं बसवत होती, कशावर भांडत होती, त्यांच्या बायका काय लिहीत होत्या, ते आमच्या सातव्या कपाटात होतं.

म्हणून मी स्मरणिका स्कॅन करायला घेतल्या. डिजिटल संग्रहाचं हे प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात होतं. तिथे ‘डीस्पेस’ शिकवलं. अमेरिकेतल्या एमआयटीने एचपी कंपनीबरोबर २००२ साली काढलेली ही प्रणाली. विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ज्यावर असतात ते आपलं ‘शोधगंगा’ यावरच चालतं. आणि शिकवले ‘डब्लिन कोअर’चे पंधरा रकाने. नाव आयर्लंडचं वाटतं, पण हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोमधलं. तिथे १९९५ साली झालेल्या कार्यशाळेतून ते आले. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, हक्क वगैरे.

पंधरा रकाने रिकामे सोडले तर काय होतं, हे पाहायचं असेल तर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’साठी स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तकं शोधून पाहा. लाखो भारतीय पुस्तकं स्कॅन झाली, मोठं काम झालं. पण कित्येक मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, कशीही तोडलेली. लेखकाच्या जागी अनेकदा काहीच नाही. पुस्तक आहे, पानन्‌पान आहे, पण ज्याला हवं त्याला सापडत नाही. स्कॅन करणं म्हणजे जपणं, असं मला आधी वाटायचं. स्कॅन केल्याने पान टिकतं. सापडण्यासाठी कुणीतरी बसून नाव लिहावं लागतं.

हक्कांच्या रकान्यानेही जमिनीवर आणलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे अण्णा भाऊंची पुस्तकं सगळ्यांसाठी खुली होणार २०३०च्या १ जानेवारीला. तोवर त्यांची फक्त नोंद ठेवायची, पानं उघडी टाकायची नाहीत. स्मरणिकांचं तेच. ज्यांचे लेख आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारायचं. संमती मिळाली तेवढेच लेख उघडे ठेवले.

लेखकांची यादी करताना एक नाव आलं : ‘सौ.’, पुढे माझ्या वडिलांचं नाव, मग आडनाव. खाली दीड पानाचा लेख, नळावरच्या रांगेबद्दल. बायकांच्या बहुतेक लेखांवर अशीच नावं होती. आईने कधी काही लिहिलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. आणि नोंद छापल्याप्रमाणे केली असती, तर कुणालाच कधी कळलं नसतं, कारण त्या ओळीत ती कुठेच नव्हती. मी प्रमाण-नोंद केली. आधी तिचं स्वतःचं नाव, पर्यायी रूपांत माहेरचं नाव आणि ते छापील ‘सौ.’ मग बाकीच्या अकरा बायकांची नावं शोधायला लागले. काही फोनवर मिळाली, काही मतदारयादीतून. दोघींची अजून मिळालेली नाहीत. त्या ‘सौ.’खालीच आहेत.

२०२२मध्ये खोली रिकामी झाली. खोक्यांवर क्रमांक आहेत आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते मोबाइलवर दिसतं. सातवं कपाट रद्दीत गेलं नाही. कार्यकारिणीत त्याला विरोध करायला मला भाषण करावं लागलं नाही. यादी वाचून दाखवली तेवढी पुरे झाली. ज्यांनी रद्दीचं सुचवलं होतं, त्यांच्याच मोठ्या भावाने नाटकाच्या कार्यक्रमात काम केलेलं निघालं.

आईला तिची नोंद दाखवली. तिने चष्मा लावून सावकाश वाचली. त्या स्मरणिकेवर साल छापलेलं नव्हतं. अशा वेळी सूचीकार अंदाजाचं साल चौकोनी कंसात, प्रश्नचिन्ह देऊन लिहितात. मी लिहिलं होतं : [१९८५?].

“साल चुकलंय,” आई म्हणाली. “गिरण्यांचा संप चालू होता तेव्हा. वर्गणी कमी जमली म्हणून अंक पातळ झाला. तू पहिलीत होतीस.”

मी दुरुस्ती केली. [१९८२]. कंस तसाच ठेवला, कारण ते साल अंकावर छापलेलं नाही. प्रश्नचिन्ह काढलं.